पाणी मागितलं का तिनं

स्मारक समितीत मला घेतलं ते दगडाचा भाव पाडता येतो म्हणून. अक्काचा भाऊ म्हणून नाही. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

अक्का माझी थोरली बहीण, भोकरदनकडच्या एका गावात दिलेली. त्या गावच्या माणसांची एक बस उत्तरेकडं देवदर्शनाला निघाली, तीत ती होती. लांबच्या एका गावात सगळे बाजारात खरेदीला उतरले आणि तिथं अतिरेक्यांनी स्फोट घडवला. अक्का गेली. गावातली आणखी काही माणसं गेली. बसचा ड्रायव्हर जुन्या जालन्याचा. तो पळून गेला नाही. धुरात शिरून त्यानं जखमींना उचललं, बसमध्ये घातलं आणि दवाखान्यापर्यंत गाडी हाणली. आज जी वाचली आहेत ती त्याच्यामुळं.

मृतदेह आले तेव्हा गावात मोठी शोकसभा झाली. माइकवरून पुकारा झाला की पीडित कुटुंबीयांनी पुढं यावं. पुढं खुर्च्या मांडल्या होत्या. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, जाऊन बसले, त्यांचे भाऊ बसले, पुतणे बसले. माझी आईही सतरंजीवरून उठली. बिल्ला लावलेल्या एका माणसानं तिला अदबीनं सांगितलं, "आजी, तुम्ही बसा. फक्त घरच्यांना बोलावलंय." आई खाली बसली. दाजींनी हे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून मी दाजींशी बोललो नाही.

माझा स्वभाव तापट आहे, हे मला सांगायला कुणी लागत नाही. हातगाडीवर भंगार गोळा करत मी सुरुवात केली आणि आज एमआयडीसीतल्या रोलिंग मिलांना ट्रकनं माल देतो. समोरच्याच्या तोंडाकडं पाहून तो कुठवर खाली येईल हे मला कळतं. समितीला तेवढंच माझं कळलं होतं. अध्यक्ष होते गावच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर. माणूस स्वच्छ. पाय गमावलेल्या एका पोरीला ते स्वतः घरी जाऊन शिकवत, विधवांचे कागद घेऊन तालुक्याला खेटे घालत. त्यांच्याविषयी मला वाकडं बोलता येत नाही. पण पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "तुम्ही भावाचे पक्के, तुमच्याकडं खरेदी." दाजी मात्र कुटुंबांचे प्रतिनिधी.

स्मारकावर कोरायचा मजकूर मास्तरांनी लिहिला होता. गेलेली माणसं ईश्वराचं नाव घेत शांतपणे अनंतात विलीन झाली, असा त्याचा अर्थ. बैठकीत सगळ्यांना तो आवडला. माझ्या घरी मात्र याच गोष्टीवरून वेगळं चाललं होतं.

आई माझ्याकडं, नवीन जालन्यात राहते. अक्का गेल्यापासून तिचा एकच प्रश्न होता. "पाणी मागितलं का तिनं? मिळालं का तिला?" आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालतात. वडिलांच्या तोंडात आईनंच घातलं होतं. लेकीच्या वेळी कोण होतं, काय झालं, हे तिला कुणी नीट सांगत नव्हतं. सहलीतल्या बायका भेटायला आल्या. एक म्हणाली, गंगाजल पाजलं. दुसरी म्हणाली, शहाळं होतं. तिसरी म्हणाली, अक्का देवाचं नाव घेत झोपल्यासारखी गेली. बायका गेल्यावर आई मला म्हणाली, "तिघी तीन सांगून राह्यल्या. म्हणजे एकीलाबी माहीत न्हाई."

त्यात समितीनं ठरवलं की स्मारकाच्या भूमिपूजनाला ड्रायव्हरचा आणि मदत करणाऱ्या सगळ्यांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. बाकीचे हो म्हणाले. ड्रायव्हरनं नाही म्हणून कळवलं. दोनदा माणसं पाठवली, दोन्हीदा नाही. मग बोलणं सुरू झालं. एकजण म्हणाला, त्याला भाव चढला. दुसरा हळूच म्हणाला, मनात काही असल्याशिवाय माणूस मान नाकारत नाही. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. त्याला राजी करायचं मी लगेच कबूल केलं, पण सत्काराशी मला देणंघेणं नव्हतं. मला तो माणूस आईसमोर बसवायचा होता. जे खुर्चीवरच्यांकडं नाही ते माझ्या आईकडं असावं, एवढाच माझा हिशेब.

तो आता गाडी चालवत नव्हता. एका बियाण्याच्या कंपनीच्या गोदामात पोती रचायच्या कामाला लागला होता. गेटबाहेरच्या टपरीवर मी त्याला गाठलं. पन्नाशी ओलांडलेला, दाढी पांढरी, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. मी ओळख दिली तशी त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. शाल भारी घेऊ. बसायला पहिली रांग. नाही? मग शाळेच्या गाडीवर नोकरीचं बोलतो, माझी ओळख आहे. नाही? पोराला मिलमध्ये लावतो. मी एकेक पायरी वर चढत होतो आणि तो मान हलवत होता. शेवटी माझा तोल गेला. मी सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणालो की चाचा, मेलेल्यांच्या नावावर एवढा भाव कुणी खाऊ नये.

तो रागावला नाही. "शेठ, तुमच्या जागी मी असतो तर मीबी असंच बोललो असतो," म्हणाला आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेटच्या आत गेला.

हा माणूस जास्त मिळावं म्हणून अडून बसलेला नाही, हे मला तेव्हा कळलं. जास्त मागणारा असा उठून जात नाही.

दुसऱ्या खेपेला मी त्याच्या घरी गेलो. देऊ करायला काही नेलं नाही. त्याच्या बायकोनं पाट सरकवला, सरबत केलं. ती म्हणाली, पाण्याचा गिलास हातात घेतला की हे तसेच बसून राहतात, जेवण निवून जातं. मी म्हणालो, चाचा, सत्कार राहू द्या. माझी आई एकच विचारते, अक्काला पाणी मिळालं का. तेवढं मला सांगा.

त्यानं बायकोकडं पाहिलं. मग सांगितलं.

अक्का त्याच्या सीटच्या मागच्याच बाकावर होती. पोटात लागलं होतं. बसमध्ये चढलेल्या एका जवानानं बजावलं होतं, पोटात लागलेल्यांना पाणी बिलकुल द्यायचं नाही, जीव जाईल. अक्का पाणी मागत होती. बाटली त्याच्या बाजूलाच लटकत होती, तिला दिसत होती. त्यानं दिली नाही.

"दवाखान्यात डॉक्टर बोलले, तिचं वाचणं मुश्किलच व्हतं," तो म्हणाला. "मंग दिलं असतं तर काय झालं असतं? अन् आता मी शाल पांघरून उभा राहू, तुमच्या अम्मासमोर? लोक काय म्हणतील ते तर वेगळंच. तुम्हाला माहीत हाय, मी कोण हाय ते."

मला माहीत होतं. गावात चार तोंडांनी चार गोष्टी झाल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याची नाही, आईचीच काळजी होती. मी सौदा मांडला. एक वाक्य बोला, म्हणालो. पाजलं, एवढंच. म्हातारीचा जीव थंड होईल, तुमच्याही डोक्यावरचं उतरेल. खोटं माझ्या माथी. तो कितीतरी वेळ त्या सरबताच्या गिलासाकडं पाहत राहिला आणि हो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी तो नमाजनंतर आमच्याकडं आला. आईनं त्याला पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली चटईवर बसली. तो लगेच उतरून तिच्यासमोर खाली बसला.

"अम्मा, मी पाजलं पानी," त्यानं पढवल्यासारखं सांगितलं. "सोता पाजलं."

"कशानं?"

"बाटलीनं."

"पडून व्हती ना ती? मंग मान कोनी उचलली?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

"तू तर गाडी चालवून राह्यला व्हता ना बाबा," आई म्हणाली.

मी आयुष्यभर मोठमोठ्या मालकांशी भाव केले, पण इतक्या सरळ प्रश्नांनी मला कुणी अडवलं नव्हतं. तो वाकला आणि त्यानं भाजलेल्या हातानं तोंड झाकलं. मग जवानाचं, बाटलीचं, सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, आता ही याला उठवून लावणार. किंवा मला.

"दिलं न्हाई म्हणल्यावर ती काय बोलली?" तिनं विचारलं.

"काय न्हाई अम्मा."

"काय न्हाई असं व्हयाचं न्हाई. माझी पोरगी हाय ती."

"जाऊ द्या अम्मा."

"बोल."

"शिव्या देल्या."

"काय म्हणून?"

तो अवघडला. "म्हणले, भाडं तर पैलेच मोजून घेतलं, अन् आता घोटभर पान्याला तुझा जीव चालला का."

"अजून?"

"म्हणले, गाडी नीट चालवता येत न्हाई तर उतर खाली, मी चालवते." तो थांबला. "मुडद्या म्हणले."

आईनं तळहात जोरात मांडीवर मारला. "म्हणली ना? मुडद्या म्हणली ना?" आणि ती हसायला लागली. पदर तोंडात धरून हसली, गदागदा हलत. मी इतक्या महिन्यांत तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग त्याच हसण्यात तिचा आवाज फुटला आणि ती मोठ्यानं रडली, जशी शोकसभेतही रडली नव्हती. माझी बायको आतून धावत आली. मी तिला हातानं थांबवलं.

झोपल्यासारखी गेली, देवाचं नाव घेत गेली, हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांनी दुसऱ्याच कुणाचं तरी सांगितलं होतं. ही मात्र आमची अक्का होती. भाजीवालीला रडवणारी, मास्तरांनाही उभं-आडवं घेणारी, माझ्यावर पाय आपटणारी.

ड्रायव्हर खाली पाहत म्हणाला, "अम्मा, दवाखान्याच्या गेटात पोचलो तव्हा शिव्या बंद झाल्त्या. मला तव्हाच समजलं. मागं वळून पाह्यलं न्हाई."

आई डोळे पुसून त्याच्याकडं बघत राहिली. "मी असते तर दिलं असतं पाणी," ती म्हणाली. "तुला सांगितलं तसं तू केलं. तिला वाचवायलाच केलं ना? मंग झालं."

त्यानं मान हलवली, पण त्याला ते झालं असं वाटल्याचं दिसलं नाही. चहा मात्र त्यानं पूर्ण प्यायला.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं की ग्रॅनाइटवाल्याकडून मी जो भाव आणलाय तो माझ्या ओळखीवर आहे, आणि दगड हवा असेल तर दोन गोष्टी होतील. सत्कार कुणाचाच नाही, म्हणजे ड्रायव्हरच्या नकाराची चर्चाही नाही. आणि 'शांतपणे' वगैरे दगडावर जाणार नाही, फक्त नावं जातील. मास्तर दुखावले. काय वाईट लिहिलं होतं मी, असं त्यांनी विचारलं. वाईट नव्हतंच. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, शिव्यांसकट. ते चष्मा काढून बसले. म्हणाले, मलाही एकदा म्हणाल्या होत्या तुमच्या अक्का, शाळेच्या गॅदरिंगला, याच शब्दांत. मग त्यांनी स्वतःच आपला कागद फाडला. अक्काचं नाव नवऱ्याच्याच नावानं लागणार होतं, तिथं माझं काही चाललं नाही. तो राग मी सोडलेला नाही.

ड्रायव्हर अजूनही शुक्रवारी दुपारी येतो. आता आईचे प्रश्न वेगळे आहेत. गाडी कितीला सुटली, अक्का कुठं बसली, पहिल्या दिवशी कुणाशी भांडली, डब्यात काय होतं. तो आठवून आठवून सांगतो आणि आई मधे अडवते. अक्कानं धपाटे नेले होते की दशम्या, यावरच एक अख्खी दुपार गेली. दाजींना कुठून तरी कळलं. त्यांनी फोन माझ्या बायकोला केला, मला नाही. मीही येऊन ऐकू का, असं विचारलं. आई म्हणाली, येऊ दे, त्याची बायको व्हती ती. आता तेही दाराजवळ येऊन बसतात. आम्ही बोलत नाही. त्यांच्या हातात चहा माझीच बायको देते.

त्या बाजारापर्यंत जायची तिघांपैकी कुणालाच घाई नाही. परवा गाडी बऱ्हाणपूर ओलांडून ओंकारेश्वरला लागली होती. घाटावर अक्कानं फुलवालीशी भाव करायला घेतला होता, तेवढ्यात अजान झाली आणि तो उठला. पुढच्या शुक्रवारी तिथून पुढं.