ओढून बसवलेली पट्टी

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक बायकोच्या हातात, दुसरं पट्टीभाऊंच्या. तिने जोर लावला आणि चादर भाऊंच्या मुठीतून निसटून ओलीचिंब त्यांच्या पायांवर पडली. दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा भाऊ डाव्या हाताने टोक ओढू लागले, तेव्हा ती वैतागली.

"अहो, पिळायचं सोडून नुसते ओढताय कशाला?"

भाऊ हातातल्या टोकाकडे बघतच राहिले.

भाऊंचं आयुष्य गाड्यांच्या दारांना रबराची पट्टी बसवण्यात गेलं होतं. अरुंद गल्लीत दार उघडताना भिंतीला लागतं, रंगाचा टवका उडतो. तो उडू नये म्हणून ही पट्टी. दाराच्या कडेवर ती अंगठ्याने दाबत दाबत न्यायची, एवढंच काम. पण दाबायचीच, ओढायची नाही. ओढली की झटकन बसते, दुकानाचे मालक खूश, गिऱ्हाईक खूश; मग दिवस जातात तशी आखडत जाते आणि दाराचा खालचा कोपरा उघडा पडतो. दुकानात नवा माणूस आला की भाऊ आधी हेच शिकवत. नातेवाइकांकडे गेले तरी आधी त्यांच्या गाडीच्या दारावरून हात फिरवत, मग माणसांची विचारपूस करत. बायको त्यावरून त्यांना भरपूर चिडवायची.

हल्ली मात्र गाड्या परत येत होत्या. सगळ्यांचा तोच कोपरा उघडा. मालकांनी खापर रबरावर फोडलं होतं आणि भाऊंनीही मान डोलावली होती. त्यांना माल खरंच वाईट वाटला होता. आज ते दुकानाला पट्ट्या पुरवणाऱ्या रबरवाल्याला उरलेली बंडलं परत करून कायमचा नारळ देणार होते.

आणि आता ओल्या चादरीने भाऊंना सांगितलं, की पट्टी बसवतानाही उजव्या अंगठ्यात जोर उरला नव्हता म्हणून डावा हात नकळत ओढत होता. सकाळी देवापुढे हात जोडले तरी उजवा अंगठा बाजूलाच राहायचा. ते त्यांनी देवाला सांगितलं होतं, घरात नाही.

त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. रबरवाल्याला अजून चार दुकानं असतील, आपल्याला हे एकच आहे, असं ती हळूच म्हणाली. भाऊ नळावर हात धुऊन आत गेले, तर तिनेच कोरडा सदरा काढून पुढे केला. "देव बघतोय," ती म्हणाली, "पण मालकही बघतील, जरा बेताने बोला."

दुकानात मालकांसमोर रबरवाला मान खाली घालून बंडलं बांधत होता. भाऊंनी त्यातली एक पट्टी ओढून काढली आणि दोघांच्या देखत समोरच्या गाडीच्या दाराला लावायला घेतली. अंगठा घसरला. डावा हात आपणहून खाली गेला आणि ताणू लागला.

"माल चांगला आहे," भाऊ म्हणाले. "माझा अंगठा कामातून गेलाय."

मग रबरवाला खाली बसला. "मी घरी जाऊन पट्ट्या आखडतात का ते बघायला उकळून पाहिल्या हो, भाऊ. बायको म्हणाली, मीठ घालू का?"

भाऊंना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. मालक मात्र हसले नाहीत. एका गरिबाला आपण लबाड ठरवत होतो हे त्यांना लागलं असावं. त्यांनी स्वतःच बंडलांच्या गाठी सोडल्या. मग ते म्हणाले, "पट्ट्या दुसरा बसवेल. तुम्ही शेजारी उभं राहायचं. तो ओढायला लागला की हातावर फटका द्यायचा."

पगाराचं ते बोलले नाहीत आणि भाऊंनीही विचारलं नाही. पण परत आलेल्या गाड्यांच्या पट्ट्या दुकानाने फुकट बदलून द्यायच्या आणि चूक कोणाची ते भाऊंनी घरोघरी जाऊन सांगायचं, असं ठरलं. पहिलं घर जवळच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंचं होतं; त्यांच्या गाडीचाही तोच कोपरा उघडा पडला होता. चूक आपल्या अंगठ्याची होती हे त्यांना सांगायला आणि गाडी दुकानात बोलवायला भाऊ निघाले.