आडवी डोलकाठी

आज धक्क्यावर पांडू आणि त्याची बायको होडीची डोलकाठी उतरवत होती. खाली येणारी काठी तो खांद्यावर झेलत होता, ती पुढच्या टोकाला बसून दोरी सोडत होती.

"अगं, बेतानं!"

"तुम्ही खांदा सांभाळा. दोरी माझ्याकडे आहे."

काठीखाली वाकलेल्या माणसाला दोरी धरणारा दिसत नाही. त्या हातावर विश्वासच ठेवावा लागतो. माझी दोरी लहानपणापासून धाकट्या भावानं धरली. वाटण्यांच्या दिवशी मी घासाघीस करायच्या तयारीनं बसलो होतो. मासळीबाजारात त्याच जोरावर उभा राहिलो आहे. तो एवढंच म्हणाला, "दादा, होडी तुला हवी ना? घे."

नको असलेली वस्तू माणूस अशी देतो. होडीसाठी तो दोन शब्द भांडला असता, तर आम्ही दोघांनी मिळून काहीतरी चालवलं होतं असं तरी वाटलं असतं. तेव्हापासून माझी काठी होडीत आडवी पडून आहे.

"भाऊ, तुमची उभी करू या का?" पांडूनं विचारलं. "दोरी मी धरतो."

"नको!" मी खेकसलोच.

दोरी धरणारा भिंतीपलीकडे राहतो. त्याच्या खिडकीतून ती आडवी काठी रोज दिसते. दिसू दे.