तिनेकेबाईंचा चार ते नऊचा नियम

आमच्या उट्रेख्ट शहरातल्या गल्लीत तिनेकेबाईंना कुणी उलट बोलत नाही. बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, आणि अख्खी गल्ली त्यांचा वर्ग. सव्वीस घरांत ड्रिल एक, शिडी एक, विजेवरची गाडी एक, हे त्यांनीच दारोदार फिरून पटवलं. त्यांच्या धाकाने मीही माझी गाडी विकली. नियमही त्यांचाच: चार ते नऊ गाडी चार्जिंगला लावायची नाही, कारण तेव्हा घरोघर स्वयंपाक असतो आणि शहराच्या तारांवर ताण येतो.

एकटा हार्म तेवढा बधला नाही. त्याची जुनी डिझेल गाडी दारातच असायची. गेल्या वर्षी बाईंनी सह्या गोळा करून ती जागा काढून घेतली आणि तिथे फुलझाडं लावली. तेव्हापासून त्याची गाडी शहराच्या कडेला असते, सायकलने पंधरा मिनिटांवर.

मार्चमध्ये बाईंची मुलगी योरिन बाळंतपणाला आली. घरीच बाळंत व्हायचं ठरलं होतं. सुईण सकाळपासून होती, मी हाताखाली. संध्याकाळी सहाला सुईणीने बाळाचे ठोके ऐकले, पुन्हा ऐकले, आणि तिचा चेहराच उतरला.

"ठोके मंदावतायत. दवाखान्यात न्यायला हवं. ॲम्ब्युलन्सला वीस मिनिटं लागतील म्हणतायत. तुमची गाडी असेल तर सहा मिनिटांचं काम."

"आहे की, खालीच आहे," म्हणत बाई धावल्या, मी मागोमाग.

गाडीत दोन टक्के वीज. पाच वाजता शेजारची आनूक ती घेऊन समुद्रावरून परतली होती. तिने गाडी पुसली, नीट लावली आणि वायर गुंडाळून ठेवली. नऊ वाजायचे होते ना.

बाई गाडीच्या दाराला हात लावून नुसत्या उभ्या. सहा म्हणजे जेवणाची वेळ. तेव्हा आमच्याकडे घराला आग लागली तरी कुणी कुणाची बेल वाजवत नाही. बाईंनी हार्मची बेल दाबली आणि दाबूनच धरली.

हार्म घास चावतच आला. "काय शेजारीणबाई, आज कशावर सही?"

"हार्म, गाडी दे रे तुझी. बाळाचे ठोके मंदावतायत."

त्याने घास गिळला. "गाडी तिकडे कडेला आहे, बाई." एवढंच म्हणाला, आणि घरातल्या चपलांवरच सायकल काढून सुटला.

वर योरिनने विचारलं, "आई, गाडी आली?"

"येतेय," बाई म्हणाल्या. हार्म अजून सायकलवरच असेल; त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग आम्ही सुईणीच्या यंत्रातले ठोके ऐकत बसलो. दोन ठोक्यांमध्ये मी श्वास घेत नव्हते.

शेवटी ॲम्ब्युलन्सच आधी पोचली. बाळ वाचलं, पण रडायला त्याने फार वेळ लावला. मेंदूला काही झालंय का, ते वर्षभराने कळेल असं डॉक्टर म्हणतात.

आनूक फुलं घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. "मी वायर लावायला हवी होती."

"तुझं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर बाईंनी फुलं पाण्यात ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिने वायर लावली असती ना, तर मी तिला सगळ्यांसमोर झापलं असतं गं. मला माझीच भीती वाटते."