मामांच्या रबराची माती

सहस्रकुंड धबधब्याच्या पलीकडे, इस्लापूरजवळ राहणाऱ्या माझ्या मामांनी कपाशीचं रान मोडून रबर लावायचं ठरवलं, आणि मामीचा फोन आला. "तू मातीच्या लॅबमधली. तुझं तरी ऐकतेत का बघ." मामांनी आजवर माझं काही ऐकलेलं नाही. तरी निघाले.

लातूरहून सकाळची एसटी घ्या आणि डावीकडे बसा, ऊन लागत नाही. अहमदपूर-लोह्याचा रस्ता बरा आहे. नांदेडला पोहे खाऊन आदिलाबादकडची गाडी पकडा. भोकरनंतर साग दिसू लागतो. धबधब्यासाठी पावसाळा सरतानाचे दिवस उत्तम. मी नेमकी तेव्हाच गेले आणि मामांच्या विहिरीवरच अडकले.

विहिरीजवळ सात वर्षांपूर्वी केरळातून आणून लावलेली रबराची बारा झाडं. खोडाला चीर देऊन चिकासाठी वाटी बांधलेली, वाटीचा तळ जेमतेम ओला. पानांच्या शिरा हिरव्या, बाकी पान पिवळं.

"रंग बघ, सोन्यावानी," मामा म्हणाले.

"लोह मिळत नाही त्यांना."

"बरं, माती म्या काढून ठिवलीय. तू चिखलात जाऊ नको." पिशवीत चाळलेली तांबूस माती. "लॅबनं हाव म्हणलं की कपाशीत नांगर."

मी पिशवीतल्या मातीवर आम्लाचे थेंब टाकले. काही नाही. मग झाडाखालच्या काळ्या मातीवर टाकले. ती सोड्यासारखी फसफसली. म्हणजे चुना, आणि चुना असला की जमिनीतलं लोह झाडाला घेता येत नाही.

"ही पिशवीतली माती कुणाची हाय ओ?" मामीने विचारलं.

मामा विहिरीत बघू लागले. "साडूच्या माळावरची. पाव्हण्यापुढं चांगलंच ठिवतेत की."

"हाव. थोरली दाखवायची अन् धाकटी बोहल्यावर."

मी दोन्हीकडची माती आणि पानं घेऊन परतले. प्रवासाचं म्हणाल तर मामीचं पिठलं आणि भोकरपुढची खिडकी एवढ्यासाठीही पुन्हा जाईन. अहवाल मामांना फोनवर वाचून दाखवला: रानात चुना भरपूर, पानांत लोह आणि मँगनीज कमी, रबर नको.

"ऱ्हाऊ दे मग कपाशी," ते म्हणाले. "अन् साडूची माती?"

"आम्लता रबराला चालेल. उन्हाळ्याचं पाणी बघावं लागेल."

मामांनी आवाज खाली आणला. "माय, हे मामीला सांगू नको. ती लगेच बहिणीला सांगल, अन् साडू माळाचा भाव वाढवल."

मामीला मी काहीच सांगितलं नाही. ज्याची माती त्याला अहवाल, असा आमच्या लॅबचा नियम आहे. साडूंना त्यांचा पाठवला.