वेगासच्या नदीत सोडलेला दिवा

लास वेगासला जाऊन मी जुगार खेळलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक पैसासुद्धा लावला नाही. तरीही तिथे जे हरून आलो, ते अजून परत मिळालेले नाही.

दारव्ह्याला माझे कृषी केंद्र आहे. लेक-जावई अमेरिकेत. "यंदा या, वेगास दाखवतो," असे त्यांनी म्हटल्यापासून मी तिथल्या हॉटेलांचे व्हिडिओ बघण्याचा सपाटाच लावला. गिऱ्हाईक सोयाबीनचे बियाणे मागायचे आणि मी त्याला कारंजी ऐकवायचो! "अबे, हॉटेल म्हंजे काय? अख्खं बोरी अरब गाव मावते एका मजल्यात!"

"काका, थैली देता का जाऊ दुसरीकडं?"

मनात धास्ती एकच. निखिलरावांसमोर, म्हणजे जावयासमोर, आपण गावंढळ ठरता कामा नये. म्हणून मी हॅट घेतली, गॉगल घेतला आणि बायकोला विमानातच बजावले, "शोभा, तिथं काई समजलं नाई तं फक्त मले विचार." (हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.)

हॉटेलात पाऊल टाकताच शोभाने चपला काढून हातात घेतल्या. "अजी, आत्ताच पुसलेलं दिसते!"

दुपारी लेक खोलीत आडवी झाली, निखिलराव कॉफी आणायला गेले आणि आम्ही दोघे हॉटेलातल्याच बाजारात शिरलो. बाहेर डोके फोडणारे ऊन. आत मात्र वर केशरी आभाळ, दुकानांतून दिवे लागलेले, मधून पाणी, पाण्यात नाव आणि नावेत उभा राहून गाणारा नावाडी!

"अजी, आत्ता तं ऊन होतं. मंग सांज काहून झाली?"

ते आभाळ छतावर रंगवलेले होते आणि पाणी हॉटेलने बांधलेल्या कालव्यातले. मला ते माहीत नव्हते. पण 'माहीत नाही' म्हणणे माझ्या कुंडलीतच नाही. "अवं, पृथ्वीच्या खालच्या अंगाले आहो आपन. इथं लवकर होते सांज."

"अन् हे पानी?"

"नदी."

"कोनती?"

"वेगावती," मी ठोकून दिले.

झाले! दिवेलागणीची वेळ, नवीनच दिसलेली नदी आणि काठावर शोभा. वर्धा नदीच्या पुलावरून एसटी जाताना खिडकीतून हात जोडणारी बाई ती! पर्समधून कुंकवाची डबी निघाली, तुपात भिजवलेल्या फुलवाती निघाल्या. (विमानतळावरच्या कुत्र्याने त्या हुंगून सोडून दिल्या होत्या.) आइस्क्रीमच्या रिकाम्या कपाचा द्रोण झाला. जुगाराच्या यंत्रापुढे सिगारेट ओढत बसलेल्या एका गोऱ्या म्हातारीकडून तिने खुणेनेच लायटर मागून आणला. मी तेवढ्यात एका दुकानाच्या काचेत स्वतःची हॅट बघत होतो. वळलो, तर दिवा पाण्यात!

नावाडी गाता गाता अडखळला. हा हॉटेलचाच खेळ असावा असे समजून लोक टाळ्या वाजवू लागले, मोबाइल काढू लागले. शोभाला भरून आले. "बाप्पा, किती भाविक लोकं हायेत!"

तेवढ्यात एक धिप्पाड गार्ड धावत आला आणि शोभाला इंग्रजीत काहीतरी विचारू लागला. तिने माझी सूचना तंतोतंत पाळली. बोट थेट माझ्याकडे केले. "ह्यायले विचारा!"

सगळे मोबाइल माझ्याकडे वळले.

"सर, या बाई तुमच्यासोबत आहेत?"

आणि मी, हॅट-गॉगलसकट, म्हणालो, "नो."

शोभाला इंग्रजी येत नाही. पण 'नो' येते. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली.

"ती माझी आई आहे," मागून आवाज आला. निखिलराव! त्यांनी कॉफीचे कप कठड्यावर ठेवले, बूट काढले आणि शोभाच्या शेजारी उभे राहून चक्क हात जोडले. मग गार्डला नीट समजावून सांगितले. नावाड्याने वल्ह्याने दिवा हलकेच काठाला लावला, शोभाने तो शांत केला आणि प्रकरण मिटले.

"बाबा, तुमची कॉफी," निखिलराव म्हणाले. बस, एवढेच. चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. मला इतकी लाज वाटली की अंधारात तोंड लपवावेसे वाटले. पण तिथली सांज काही केल्या मावळेना!

आता दारव्ह्यात कुणाचा माझ्यासाठी फोन आला की शोभा म्हणते, "कोन? मी नाई वळखत त्यायले." परवा एका गिऱ्हाइकाने विचारले, "काका, वेगासले काई हारले का?"

मी त्याची थैली त्याच्यापुढे सरकवली. जुगारात बायको हरलेले लोक ऐकून होतो. एकही डाव न खेळता हरलेला, आमच्या तालुक्यात मी पहिलाच!