हरणांच्या मागची भिंत

आमच्या घरात एका लग्नाचा फोटो आहे. फोटोवाल्याच्या दुकानात काढलेला. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे, नवरीचं तेवढं मागच्या पडद्याकडे. पडद्यावर जिना रंगवलेला होता आणि तो वर कुठे जातो, हे तिला बघायचं होतं. "सून आणली की नुसती पाठ?" असं सासूबाई म्हणाल्या होत्या. ती सून म्हणजे माझी जाऊ. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात.

धाकटी प्राण्यांच्या संग्रहालयात चित्रकार आहे. तिथे काचेआड पेंढा भरलेले प्राणी उभे असतात आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर रान, डोंगर, आभाळ असं काहीबाही रंगवलेलं असतं. ते रान धाकटीचं. काचेखाली पाटी असते. तिच्यावर प्राण्याचं नाव, देणगीदाराचं नाव, पेंढा भरणाऱ्या काकांचं नाव. धाकटीचं नाव कुठेच नाही. मी शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना तिथे घेऊन जायचे. मुलं वाघाचे दात बघायची. "अरे, मागे पण बघा," असं मी म्हटलं की विचारायची, "मागे कुठे काय आहे, बाई?"

घरी आमचे भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, तिला डिवचायचे. "आभाळ बाहेर फुकट मिळतं. तुला तर त्याचा पगार मिळतो. वर कौतुक कशाला हवं?"

"तुम्हाला टक्कल फुकट मिळालं," ती म्हणायची, "त्याचं तरी कुणी कौतुक केलंय का?"

गेल्या वर्षी मात्र हे हसणं आटलं. अस्वलांच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. पाहुण्या बाई काचेपाशी वाकल्या आणि त्यांनी विचारलं, "हे मागचं कुणी काढलं हो?" संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांनी वळून बघितलं आणि ते म्हणाले, "मागचं? ती भिंतच आहे." धाकटी त्यांच्या शेजारीच उभी होती. साहेब माणूस वाईट नाहीत. त्यांना खरोखरच भिंत दिसली होती.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "ताई, हरणांची एक भिंत उरलीय. वर निळा फासते, खाली हिरवा फासते, आणि रामराम ठोकते."

"मग घरी बसून काढ की चित्रं."

"नाही. ब्रशला हातच लावायचा नाही आता. कुठेच."

मी हादरले. नोकरी सुटली तरी घर चाललं असतं. पण भिंतीवरच्या ओलीच्या डागातही खाडी आणि होड्या शोधणारी ही बाई बघायचंच सोडून देईल, याची मला धास्ती वाटली.

बोलली तसं तिनं केलंही. वर निळा, खाली हिरवा. मग एके दिवशी ती कामावरून आली आणि चपला न काढताच खुर्चीवर बसली.

"ती हरणं माझ्याकडे बघत होती."

"अगं, काचेचे डोळे ते."

"माहीत आहे हो. पण कोंडी झालेलं जनावर बघतं ना, तशी बघत होती. मी त्यांना पळायला जागाच ठेवली नाही."

"मेलेली आहेत ती, धाकटे."

"हो ना. पण आजवर तशी दिसली नव्हती."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळा निळा खरवडून काढला. पुन्हा रंगवायला लागली, ती साहेबांसाठी नाही आणि पाटीसाठीही नाही. "त्यांना जाता येईल एवढं तरी करते," म्हणाली. कमरेएवढं गवत, त्यातून जाणारी पायवाट, पलीकडे झाडांची रांग. हळूहळू तिचं जेवण वाढलं, घरातलं गुणगुणणंही परत आलं. मला बरं वाटलं. मग एकदा तिच्या कपड्यांना कुसळं चिकटलेली दिसली. हिरवी, ओलसर. काचेआड पुढे लावतात ते गवत कागदाचं असतं, हे मला ठाऊक होतं.

"ही कुठली गं?"

"कुठली असणार? तिथलीच." आणि ती कुसळं वेचत बसली.

त्या भिंती अर्धगोल असतात, त्यांना कोपरा नसतो. आत उभं राहिलं की भिंत नेमकी किती लांब आहे ते डोळ्याला कळत नाही. म्हणून डावा तळवा भिंतीला टेकवूनच रंगवायचं, असं काकांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एका सकाळी चहा पिता पिता ती सहज म्हणाली, "काल हात टेकायला गेले तर भिंत लागेचना. बरीच पुढे गेले, तेव्हा लागली."

"चक्कर आली असेल."

"असेल," ती म्हणाली. माझ्या समाधानासाठी म्हणाली, हे मला कळलं.

संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशीही ती कामाला जायची. एकदा चष्मा घरीच विसरली, तो द्यायला मी गेले. दालनात सगळा अंधार, फक्त हरणांच्या काचेआड उजेड होता. हरणं, गवत, पायवाट, झाडं सगळं होतं, धाकटी नव्हती. मग पार लांब, झाडांपाशी, अंगठ्याएवढी आकृती दिसली. अंगात तिचा नारिंगी एप्रन. मला हसू आलं. पाटीवर नाव नाही म्हणून बाईनं स्वतःलाच रंगवून ठेवलंय, म्हटलं. बरं केलं.

तेवढ्यात ती आकृती वाकली आणि तिनं टाच खाजवली.

मी दोन्ही हातांनी काच बडवली. "धाकटे!"

तिनं वळून बघितलं. पायवाटेनं ती येऊ लागली, पावलागणिक मोठी होत. दोन्ही बाजूंचं गवत बाजूला होत होतं आणि ती पुढे गेली की पुन्हा मिटत होतं. हरणांना वळसा घालून ती मागच्या छोट्या दारातून बाहेर आली आणि म्हणाली, "चष्मा आणलात होय? बरं झालं."

"कुठे गेली होतीस?"

"झाडं समोरून नीट आली होती. पाठीमागची पानं कच्ची होती, ती पुरी केली."

"अगं, पण तिकडून कोण बघणार आहे?"

मंद मुलाकडे आम्ही मास्तर माणसं बघतो, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. "तिकडून जो येईल तो," म्हणाली.

हरणांच्या उद्घाटनाला साहेब काकांची पाठ थोपटून म्हणाले, "काय हरणं आहेत! आत्ता पळतील असं वाटतंय." भिंतीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी धाकटीचा चेहरा न्याहाळला. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. बगळ्यांसाठी ठेवलेल्या शेजारच्या रिकाम्या काचेत ती डोकावत होती. "इथे तळं येणार आहे, ताई. पलीकडच्या काठावर काय असेल हो?"

रामराम ठोकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ती बघणं सोडेल ही माझी धास्ती गेली. तिच्या जागी दुसरी आली.

म्हणून आता सुट्टीच्या दिवशी बगळ्यांच्या काचेसमोर मी खुर्ची टाकून बसते. ती वाटाण्याएवढी झाली की काच वाजवते. ती हात वर करते. काचेतून आवाज येत नाही, पण तिचे ओठ कळतात. "आले, आले." घरी चहाला हाक मारली तरी हेच म्हणते आणि लगेच येते. तळ्याच्या त्या काठावरून यायला मात्र अलीकडे तिला वेळ लागतो.