मामसासऱ्यांची निकाली कुस्ती

जगातली एकूण एक माणसं कुस्ती खेळायलाच जन्माला आलेली असून, निव्वळ आळसापोटी ती नोकरी, शेती, संसार असले किरकोळ उद्योग करत बसतात, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पिंपळगाव राजाला या मामांची भाजीची वाडी होती. वय साठीच्या घरात, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, आणि त्या शेंगेला न पेलणारी, लोणी लावून पीळ दिलेली भली थोरली मिशी. मला पाहायला सासरची मंडळी आमच्या घरी आली तेव्हा इतरांनी माझा पगार विचारला, मी कुठल्या शाळेत मास्तर आहे ते विचारलं. मामा मात्र माझ्या मागे येऊन उभे राहिले, त्यांनी दोन बोटांनी माझी मान चाचपली आणि साऱ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "पोरगं चांगलं हाय. पण मान बारीक हाय. खाली गेलं तं निंघायचं नाही." माझं लग्न केवळ सासूबाईंनी भावाकडे डोळे वटारून पाहिलं म्हणून जमलं.

कुठलीही दोन माणसं शेजारी शेजारी उभी दिसली की मामा मनातल्या मनात त्यांची जोड लावून टाकत. पोस्टमन आणि वाणी, भटजी आणि न्हावी, शाळेतले हेडमास्तर आणि तपासणीला आलेले साहेब. आमच्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी माझे वडील आणि सासरे मोठ्या प्रेमाने एकमेकांच्या गळ्यात पडले, तेव्हा मांडवातून मामांचा आवाज आला, "कंबर धरा भाऊजी, कंबर! मोकळी हाय!" सासऱ्यांनी नकळत हात खाली नेलेही. महाराष्ट्र तेव्हा नवानवा झाला होता आणि विदर्भाने त्यात राहावं की राहू नये यावर खामगावच्या चौकाचौकात अजून घसे कोरडे होत. मामांचं मत एका वाक्यात तयार होतं. "मुंबई आन विदर्भ, ही जोड बराबर नाही. वजनात लय फरक हाय."

इतर खेळांचाही त्यांनी अभ्यास केला होता, पण तो सगळा कुस्तीच्या हौद्यात उभं राहून. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की ते खामगावच्या एका हॉटेलात रेडिओखाली बसून क्रिकेटचं वर्णन ऐकत. वर्णन इंग्रजीत असे आणि मामांना इंग्रजीचं अक्षर येत नसे. पण लोकांच्या ओरडण्यावरून त्यांना सगळं समजे आणि ते शेजारच्या टेबलांना मराठीतून समजावून सांगत. खेळ पाच दिवस चालतो आणि एवढं करून कधी कधी निकालच लागत नाही, हे कोणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंडाशी नेलेली चहाची बशी खाली ठेवली. "पाच दिवस? आन निकाल नाही? आमच्या फडात असं झालं असतं तं पंचानं दोघायले कान धरून हाकलून देलं असतं!" हॉकी त्यांनी एकदा शाळेच्या पटांगणावर पाहिली. एवढी तरणीताठी पोरं कमरेत वाकून काठीने जमीन उकरतात हे पाहून त्यांना फार वाईट वाटलं. "निंदणच करायचं हाय तं माह्या वाडीत या म्हणा. कोथिंबिरीत लय तण झालं हाय."

त्यांची स्वतःची कुस्ती अशी एकच झाली होती. तरुणपणी, सोनाळ्याच्या यात्रेत. ती बरोबरीत सुटली होती, एवढा भाग कायम राही, बाकी सगळं दरवर्षी वाढत जाई. मी नवा जावई होतो तेव्हा समोरचा गडी त्यांच्याच वयाचा एक शेतकऱ्याचा पोरगा होता. माझी मुलगी चालू लागेपर्यंत तो बऱ्हाणपूरच्या तालमीतला नावाजलेला पैलवान झाला आणि पुढे तर तो दारातून आत येताना वाकत असे. मामी चुलीजवळून म्हणत, "कुस्ती सुटली ते बरं झालं बाप्पा. अजून चालू असती तं तो आता घरात मावला नसता."

पण मामांचा खरा जीव जडला तो फ्रीस्टाईल कुस्तीवर. अकोल्याला एकदा तसला ताफा आला होता आणि मामा वांग्यांची टोपली परस्पर व्यापाऱ्याच्या गळ्यात मारून तिकडे गेले होते. तिथून ते परतले ते वेगळेच होऊन. एका पैलवानाने दुसऱ्याच्या डोक्यात लोखंडी खुर्ची घातली, दुसऱ्याने पहिल्याला डोक्यावर गरगर फिरवून दोरांबाहेर फेकलं, आणि तो फेकलेला माणूस पुन्हा धावत आला, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. ऐकून घ्यायला समोर असत माझे सासरे. सासरे खामगावच्या तहसील कचेरीत कारकून, पुराव्याशिवाय ऊन पडलं आहे हेसुद्धा न मानणारे. या मेहुण्या-शालकांचा वाद हा सासऱ्यांच्या घरचा बाजाराच्या दिवसाचा ठरलेला कार्यक्रम होता.

"अहो साळेबुवा, नुरा असते ते," सासरे म्हणत. नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली, लोकांना बनवायची कुस्ती. "ज्यानं काल ज्याचा गळा दाबला, ते दोघं आज एका ताटात जेवून राह्यले असतात."

"भाऊजी, तुमी कचेरीत खुर्चीवर बसता. त्यानं खुर्ची डोक्शावर खाल्ली. आन तुमी त्याले खोटं म्हणता?"

एका बाजाराला हा वाद इतका चढला की मामांनी मिशीवर हात ठेवला. "नुरा निंघाली ना, तं हे मिशी उतरवून टाकीन! मंग?" सासऱ्यांनीही डोक्यावरच्या टोपीला हात लावला. खरी निघाली तर आपण भरबाजारात टोपी काढून तसं कबूल करू, म्हणाले. सासरे झोपताना टोपी उशाशी ठेवणारे आणि मामा मिशीला बाळासारखं सांभाळणारे. तेव्हा हा मामला साधा राहिला नव्हता. मामी तर घाबरूनच गेल्या. "मिशी गेली तं मांगं काय राह्यते यायच्यात?" असं त्या माझ्या सासूबाईंना हळूच म्हणाल्या.

आणि त्याच उन्हाळ्यात तो ताफा खामगावला आला. टांग्यात भोंगा घेऊन बसलेला एक माणूस गावभर ओरडत फिरला. काळा बुरखा घालणारा भयंकर 'काला तुफान' आणि त्याला लोळवायला निघालेला 'बिजलीसिंग' यांची झुंज होणार होती. जागा होती एका जिनिंगचं आवार. कापसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे सरकीची पोती रचून त्यावर ताडपत्री ताणली होती आणि भोवती दोर बांधले होते. आम्ही तिघं संध्याकाळच्या उन्हातच जाऊन पुढे बसलो. मध्ये मी, डावीकडे मिशी, उजवीकडे टोपी.

काला तुफान आला तेव्हा मीही नकळत मागे सरकलो. दरवाजाएवढा माणूस, तोंडावर काळं फडकं, फक्त डोळे उघडे. त्याने दोन फुटकळ गडी पोत्यांसारखे बाहेर टाकले आणि छाती बडवली. मग भोंगेवाल्याने आवाज चढवला, "है कोई खामगाव में माई का लाल, जो काला तुफान से हाथ मिलाए?" हा खेळातला नेहमीचा डायलॉग होता. पडद्यामागे बिजलीसिंग कमरेवर हात ठेवून तयार उभा होता, त्याचे पिवळे बूट आम्हाला खालून दिसतही होते. पण मामांनी ते बूट पाहिले नाहीत. त्यांना फक्त आव्हान ऐकू आलं होतं. आमच्याकडच्या फडात पैलवान हात वर करून फिरतो, आणि त्या हाताला कोणी हात लावला नाही तर ती साऱ्या गावाची नाचक्की समजतात. मामांनी मागे वळून पाहिलं. अख्खं खामगाव शेंगदाणे खात बसलं होतं.

"काऊन बे, कोणीच नाही?" मामा म्हणाले, आणि उठले. मी त्यांचं धोतर धरलं, ते सोगा हिसकून पुढे गेले. सासरे ओरडले, "साळेबुवा, बसा! मरान ना!" मामांनी चपला काढून नीट जोडून ठेवल्या, खाली वाकून आवारातली मूठभर माती घेतली आणि दोरांखालून आत शिरले. लोक आधी हसले. मग मामांनी त्या मातीचं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं आणि उरलेली माती, रीतीप्रमाणे, काला तुफानच्या हातावर घातली. तो राक्षस त्या मातीकडे पाहतच राहिला. मग त्याने वाकून ती आपल्या बुरख्यावर, कपाळाच्या जागी लावली. भोंगेवाल्याच्या तोंडचं हिंदी संपलं.

पुढची झटापट मी जमेल तशी बोटांच्या फटीतून पाहिली. मामांनी त्याच्या कमरेला मिठी घातली आणि मांडवाला दुधी लोंबावा तसे ते त्याला लोंबू लागले. तो हलेना, हे सोडीनात. पंच घड्याळाकडे पाहू लागला, पिवळे बूट पडद्यामागे येरझारा घालू लागले. आणि एकाएकी काय झालं कोणाला कळलं नाही, काला तुफान हेलपाटला, दोन्ही हात हवेत गेले, आणि धाडदिशी तो पाठीवर पडला. खालची पोती एवढी उसळली की त्याच्या छातीवरचे मामा दोनदा वर जाऊन खाली आले. चितपट! लोकांनी टोप्या उडवल्या, शेंगदाणे उडवले. मामांना खांद्यावर घेऊन मिरवणूक थेट बाजारापर्यंत गेली. बिचारा बिजलीसिंग बाहेर आला तोवर त्याला मारायला कोणी उरलं नव्हतं.

सासऱ्यांचं मला नवल वाटलं. साठीच्या भाजीवाल्याने दरवाजाएवढा माणूस पाडला, यापेक्षा नुरा कुस्तीचा आणखी पुरावा कोणता हवा होता? पण शालक जिवंत परत आला या आनंदात त्या पुरावे मागणाऱ्या माणसाने भरबाजारात टोपी काढली आणि रडक्या आवाजात ओरडून सांगितलं, "खरी हाय बाप्पा! शंभर हिश्शानं खरी हाय!" मामा खांद्यांवरून खाली पाहत होते. हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पिंपळगावला गेलो तर मामा वाडीत वांग्यांना पाणी देत होते आणि त्यांच्या नाकाखाली काही नव्हतं. चेहरा एवढासा झाला होता. मामी ओसरीवर डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. "उकडून राह्यलं होतं, म्हणून काढली," असं मामांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं. मी म्हणालो, "मामा, पैज तर तुम्ही जिंकलात!" त्यांनी पाण्याचा पाट दुसऱ्या वाफ्याकडे वळवला, हातातलं फावडं खाली ठेवलं.

"जवाईबापू, म्या त्याले धरलं ना, तं झाडाले धरल्यावानी वाटलं. मंग तो हळूच कानात म्हणे, 'बाबा, ढकलो. मैं गिरता हूँ. कमर संभालना.' आन म्या ढकललं." त्यांनी हात धोतराला पुसले. "मातीतला गडी होता तो. माती पाह्यली आन त्यानं मले पाठ देली. भाऊजीचंच खरं हाय. नुराच हाय सारी."

"मग सांगू त्यांना?"

"खबरदार!" मामा ओरडले. "त्या पोराच्या पोटाचा धंदा हाय. कोणी इचारलं तं खरीच म्हणायची."

त्यानंतर मामांनी मिशी पुन्हा कधी ठेवली नाही. फ्रीस्टाईल खरीच असते हे मात्र ते पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने सांगत राहिले. फरक एवढाच पडला की कुठलीही कुस्ती असो, सगळे जिंकलेल्यासाठी टाळ्या वाजवत तेव्हा एकटे मामा खाली पडलेल्याकडे पाहून टाळ्या वाजवत.

पुढे माझ्या सासूबाई गेल्या. सासरे पेन्शनीत निघालेलेच होते, ते आता बोलेनासे झाले. दिवसदिवस ओसरीवर बसून राहत. बहीण गेल्यावरही मामा दर बाजाराला पिशवीभर भाजी घेऊन येत आणि चहा येण्याआधीच काहीतरी वेडंवाकडं बोलून वादाला तोंड फोडत. "भाऊजी, क्रिकेटमंदी बारा गडी असतात ना?" हॉटेलातल्या रेडिओखाली ज्याची हयात गेली त्या माणसाचा हा प्रश्न! सासरे ताठ होत. "बारा? काय बोलून राह्यले! अकरा!" मग अर्धा तास वाद चाले. सासऱ्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला जाई, चेहऱ्यावर रंग येई, आणि शेवटी मामा मान खाली घालून म्हणत, "हारलो बाप्पा. तुमचंच खरं." जन्मात कोणाला मुद्दा न देणारा हा माणूस दर बाजाराला हरून, चपला घालून, पिंपळगावच्या गाडीला निघून जाई. पुढच्या बाजाराला पुन्हा बारा गडी घेऊन हजर.

मामा गेले त्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मी सासऱ्यांजवळ बसलो होतो. त्यांची नजर दाराकडे होती. मग म्हणाले, "मले काय समजत नव्हतं? अकरा गडी त्याले माहीत नसतीन? मुद्दाम हारे तो. त्याले वाटे मले समजत नाही, म्हणून मी बी जिंकत जाय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सारी नुरा होती. पण काय रंगे!"

चहा आला, तो निवून गेला. बाजार उठायची वेळ झाली. सासऱ्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, माझ्याकडे न पाहता घसा साफ केला आणि विचारलं,

"मास्तर, क्रिकेटमंदी गडी किती असतात?"

मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं आहे. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "बारा."

"बारा?" सासरे कडाडले, आणि सरसावून बसले.